मागचा टायर घरी बदलायचा आहे: तारांचं चाक, ट्यूब, ड्रम ब्रेक

साइडस्टँड
मोटरसायकलचा मागचा टायर घासून खाचांमधल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यांना टेकलाय. नवीन आणून ठेवलाय, माप जुन्याचंच, १००/९०-१७. चाक तारांचं, आत ट्यूब, ब्रेक ड्रमचा, गाडीला डबल स्टँड आहे. हत्यारं म्हणाल तर पाने, गोट्यांचा सेट, दोन टायर लिव्हर, व्हॉल्व्हची चावी आणि पायाने मारायचा पंप.

विचारायचंय ते असं. चाक काढताना चेन ढिली करावीच लागते का? जुना टायर रिमला इतका धरून बसतो की वर उभं राहून नाचलं तरी सुटत नाही, त्याला मशीनशिवाय उपाय काय? नवीन टायर चढवताना ट्यूबला लिव्हरचा चिमटा बसतो म्हणतात, तो नेमका कधी बसतो? ट्यूब जुनीच चालेल का? आणि साबण लावायचा की तेल, यावर जितकी तोंडं तितकी मतं. व्हिडिओच्या लिंका नकोत, त्यात सगळं दोन मिनिटांत होतं. कुणी क्रमाने लिहिलं तर बरं.

दहाबारा
चाक उतरवण्यापुरतं मी लिहितो.

गाडी डबल स्टँडवर घ्यायच्या आधी, दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच अ‍ॅक्सलचा (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा) नट अर्धा फेरा सैल करून ठेवा. स्टँडवर चढवल्यावर लांब दांड्याने जोर दिलात तर गाडी पुढे घसरून स्टँडवरून उतरते. नटाला स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आडवी घालून टोकं वाकवलेली) असेल तर आधी ती काढा आणि फेकून द्या. पिन एकदा सरळ केली की ती परत वापरायची नसते. स्टँडवर घेतल्यावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबराने ग्रिपला बांधून टाका. स्टँडच्या पायांखाली दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची फळी सरकवली तर चाक मडगार्डखालून बाहेर यायला जागा मिळते. नाहीतर शेवटी गाडी कलती धरायला दुसरं माणूस लागतं.

आता चेन. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच लहान गाड्यांना स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर चालते त्या दातेरी चक्राच्या) बाजूला एकात एक दोन नट दिसतात. बाहेरचा लहान तो अ‍ॅक्सलचा, आतला मोठा तो स्प्रॉकेट धरून ठेवणाऱ्या स्लीव्हचा. मोठ्याला हात लावायचा नाही. लहान नट काढून अ‍ॅक्सल ओढला की स्प्रॉकेट आणि चेन जागच्या जागी राहतात, चाक एकटं सुटून येतं आणि चेनचा ताण होता तसाच राहतो. तुमच्या गाडीला एकच नट असेल तर स्प्रॉकेट चाकाबरोबर बाहेर येणार. मग दोन्ही बाजूंचे चेन अ‍ॅडजस्टर सारखेच फेरे मोजून सैल करा, चाक पुढे ढकला आणि चेन स्प्रॉकेटवरून उतरवून स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) टांगा. फेरे कागदावर लिहून ठेवा.

क्रम असा. ब्रेक रॉडच्या टोकाचा नट काढा, रॉड ड्रमवरच्या ब्रेक लिव्हरमधून मोकळा झाला की स्प्रिंग, गोल आडवी पिन आणि नट तिथल्या तिथे रॉडवर परत ओवून ठेवा. त्या पिनीइतकी हमखास हरवणारी वस्तू गाडीत दुसरी नाही. मग टॉर्क रॉडचा ब्रेक प्लेटकडचा नट (ब्रेक प्लेट म्हणजे ड्रमचं झाकण, ते चाकाबरोबर फिरू नये म्हणून धरणारा तो टॉर्क रॉड). मग अ‍ॅक्सलचा नट आणि वॉशर. अ‍ॅक्सल हाताने हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडं थांबा. ठोकायचाच झाला तर नट आट्यांच्या टोकाबरोबर सपाट येईल असा उलटा फिरवून ठेवा आणि मध्ये पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा धरून ठोका. लोखंडी हातोडा थेट बसला की टोक फुलतं, आटे जातात आणि फुललेला अ‍ॅक्सल बेअरिंगमधून निघता निघत नाही. नट स्विंगआर्मला टेकला की तो काढून पुढचं लांब बारीक सळईने ढकलायचं. ओढताना चाकाखाली पायाचा चवडा देऊन चाक किंचित उचलून धरा, अ‍ॅक्सलवरचा भार गेला की तो दोन बोटांनी येतो.

स्पेसर (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या नळ्या) खाली पडतील. डावा-उजवा एकाच लांबीचा असेलच असं नाही, त्यामुळे पडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग चाक ब्रेकच्या बाजूला सरकवलं की ते स्प्रॉकेटच्या कुश रबरातून (धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यांतून) सुटतं. ब्रेक प्लेट ओढून वेगळी करा. ड्रममधली काळी धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती नाकात जाण्याच्या लायकीची नसते.

चाक हातात आहेच तर बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवा. वाळू अडकल्यासारखं खरखरलं किंवा अडकत अडकत फिरलं तर बेअरिंग आत्ताच बदला. कुश रबरं सैल होऊन खोबणीत डुगडुगत असतील तर गिअर टाकताना मागून येणारा ठोका त्यांचाच.

रिमझिम
टायर रिममधून काढण्याबद्दल.

हे ताकदीचं काम नाही. टायरच्या कडेच्या आत पोलादी तारेचं कडं असतं आणि ते ताणलं जात नाही. रिमच्या ओठाचा व्यास त्या कड्यापेक्षा मोठा असतो. तरी टायर चढतो-उतरतो, कारण रिमच्या मधोमध पन्हळीसारखी खोल जागा असते. एका बाजूची कड त्या पन्हळीत उतरली की बरोबर समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. लिव्हरला जोर लागायला लागला याचा अर्थ समोरची कड पन्हळीतून वर सरकली. तेव्हा लिव्हरवर लोंबकळायचं नाही, समोरच्या बाजूला गुडघा टेकून कड परत खाली दाबायची. जो जोर लावतो तो रिमचा ओठ वाकवतो, ट्यूब फाडतो, नाहीतर कडेतली तार तोडतो. तार तुटलेला टायर बाहेरून धड दिसतो आणि हवा भरताना फुटू शकतो.

व्हॉल्व्हची पिन चावीने पूर्ण बाहेर काढा. नुसती दाबून हवा सोडलीत तर थोडी राहतेच. व्हॉल्व्हच्या देठावरचा नट काढा आणि देठ आत ढकला. चाक जुन्या टायरवर किंवा लाकडी चौकटीवर आडवं ठेवा, म्हणजे हबचा भार जमिनीवर येत नाही.

कड सुटण्यासाठी टायरवर नाचून उपयोग नसतो, कारण वजन टायरच्या पोटावर पडतं. दाब रिमच्या ओठाला अगदी लागून, दोन बोटांच्या आत यायला हवा. मोठा जी-क्लॅम्प असेल तर टायरच्या दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे लावून आवळा, एकदम नाही, थोडं आवळा, मग हातभर पुढे सरका. दुसरा उपाय दुसऱ्या मोटरसायकलच्या साइड स्टँडचा: चाक आडवं टाकून त्या गाडीच्या स्टँडचं पाऊल ओठाजवळ टेकवायचं आणि गाडी हळू त्या बाजूला कलती करायची. दुसरं माणूस ती गाडी धरून हवंच. एका जागी कड सुटली की मागोमाग बाकीची सुटत जाते. दोन्ही अंगांची सोडवा. एकाच बाजूची सोडून लिव्हर घालणं ही नेहमीची घाई.

मग दोन्ही कडांना साबणपाणी. पहिला लिव्हर व्हॉल्व्हजवळ घाला. व्हॉल्व्हचा बुडखा पन्हळीतच बसलेला असतो, तिथे कड खाली उतरत नाही. म्हणून खाली दाबायची बाजू व्हॉल्व्हच्या समोरची आणि उचलायची बाजू व्हॉल्व्हची. लिव्हरचं टोक कड पकडण्यापुरतंच आत, जास्त गेलं तर ट्यूब पकडणार. पहिला लिव्हर आडवा करून तारेखाली अडकवा, दुसरा ८ ते १० सेंटीमीटरवर. दोन लिव्हरमध्ये काम होतं, पण तिसरा घ्याच. दोनच असले की मधला काढताना उचललेली कड परत आत जाते आणि उगाच चिडचिड.

पाव परिघ बाहेर आला की उरलेलं हाताने निघतं. ट्यूब ओढून काढा, व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी. दुसरी कड काढायला चाक उभं करा, ती त्याच ओठावरून काढायची आहे: लिव्हर रिमच्या पलीकडून आत घालून कडेच्या मागे टेकवा, समोरची बाजू पन्हळीत आहे ना ते बघा आणि रिम टायरमधून बाहेर ढकला.

मोकळी रिम नीट बघा. मधली रबरी पट्टी सुकून तडकली असेल तर नवीन टाका. तारांचे निपल (तारा रिममध्ये आवळणारे छोटे नट) पट्टीखालून वर टोचत असतील तर कानशीने घासून सपाट करा. कड बसते त्या खांद्यावरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा. खांदा खडबडीत राहिला तर नवा टायर कधीच सगळीकडून सारखा बसत नाही.

साइडस्टँड
दोन्ही प्रतिसाद सेव्ह केलेत. एकात एक दोन नट आहेत, त्यामुळे चेनचा प्रश्न सुटला. जी-क्लॅम्प आहे, सहा इंची. तिसरा लिव्हर घेतो. साबण-तेलाचं तेवढं कुणीतरी सांगा.

तेलकट
नावावर जाऊ नका. टायरला तेल नाही, ग्रीस नाही, डिझेल तर मुळीच नाही. कारणं दोन. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, ट्यूबचं तर लवकरच. आणि तेल वाळत नाही. कड आणि रिम यांच्यात ते कायम राहतं, मग गाडी ओढताना किंवा ब्रेक मारताना टायर रिमवर गोल सरकतो. ट्यूब टायरबरोबर सरकते, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. शेवटी व्हॉल्व्ह बुडातून उपटून येतो आणि हवा एका क्षणात जाते.

टायर बसवायची तयार पेस्ट मिळाली तर तीच घ्या. नाहीतर भांड्यांचं द्रव साबण पाण्यात पातळ करून, बोटांना बुळबुळीत लागेल इतपत. फेस नको, ओलावा हवा. लावायचं कडेला आणि रिमच्या ओठाला, पन्हळीत ओतायचं नाही. काम झालं की तारा आणि रिम साध्या पाण्याने पुसून कोरडी करा, भांड्यांच्या साबणात मीठ असतं आणि लोखंडी रिमला ते मानवत नाही.

आणखी एक, नवीन टायर अर्धा तास उन्हात ठेवा. गार रबर लाकडासारखं वागतं. साबणाने जितका फरक पडतो त्याहून जास्त उन्हाने पडतो असं माझं मत.

रिमझिम
+१ उन्हाला. आता चढवणं.

टायरच्या अंगावरचा बाण बघा. मागच्या टायरला रिअर लिहून दिशा दिलेली असते, ती चाक पुढे जाताना फिरतं तीच हवी. चेन कुठल्या बाजूला ते आठवून मगच टायर रिमवर टेकवा. उलटा बसला तर सगळं पहिल्यापासून. अंगावर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हजवळ आणायचा. तारखेचा चार अंकी आकडा पण वाचून ठेवा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

ट्यूब नवीनच घ्या. जुनी ट्यूब फुगून फुगून मोठी झालेली असते, नवीन टायरच्या पोटात ती घडी घेते आणि काही दिवसांनी बरोबर घडीवर फाटते. नवीन ट्यूबवर छापलेल्या मापांत तुमचं १००/९०-१७ आहे ना ते बघा. टाल्कम पावडर ट्यूबला चोळा आणि टायरच्या आत थोडी भुरभुरवा. मूठभर ओतली तर ती एका जागी गोळा होते. पावडरीने ट्यूब टायरला चिकटत नाही, हवा भरताना स्वतः सरकून जागेवर जाते.

पहिली कड साबणपाणी लावून, व्हॉल्व्हच्या बाजूने सुरुवात करून गुडघ्याने दाबली की बहुतेक हातानेच आत जाते. मग ट्यूबमध्ये हवा, गोल आकार येईल एवढीच. पूर्ण सपाट ट्यूब लिव्हरखाली येते आणि जास्त फुगलेली कडेवर येऊन बसते. व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढा आणि त्यावर नट दोन आटे चढवून सोडा, म्हणजे देठ परत आत जाणार नाही. ट्यूब सगळीकडून टायरच्या पोटात सारा, कुठे पीळ पडलाय का बोट फिरवून बघा.

दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करा आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून व्हॉल्व्हकडे येत जा. तिथे शेवट करायचं कारण वर लिहिलंय तेच: शेवटच्या घासाला समोरची बाजू पन्हळीत हवी, आणि समोर व्हॉल्व्ह असेल तर ती उतरत नाही. अर्ध्याहून जास्त कड हातानेच जाते. त्यानंतर दोन्ही गुडघे गेलेल्या भागावर आणि लिव्हर.

चिमटा बसतो तो या शेवटच्या वीतभर भागात. लिव्हरने एका वेळी ५ सेंटीमीटरच कड उचला. मोठा घास घेतला की लिव्हर उभ्याच्या पलीकडे झुकवावा लागतो, आणि पलीकडे झुकला की त्याचं टोक आत वळून ट्यूब रिमवर दाबतं. लिव्हर उभा झाला आणि कड तरी गेली नाही तर थांबा, काढा, गुडघे परत दाबा, अर्ध्या मापाचा घास घ्या. शेवटचा तुकडा टप् करून आत गेला पाहिजे. नुसत्या रबरी हातोड्याने तो गेला तर उत्तमच.

कड आत गेली की व्हॉल्व्ह नटापर्यंत आत दाबा आणि सोडा. बुडाशी कडेखाली अडकलेली ट्यूब त्याने सुटते. मग चाक फिरवत अंगठ्याने टायर आत दाबून रिमच्या फटीत डोकावत जा. ट्यूबचा काळा चकाकता पदर कुठेही दिसला तर तिथे हवा भरायची नाही.

गोटीपाना
एक वेगळी पद्धत, अरुंद टायरला मला हीच सोयीची वाटते. ट्यूब आधीच टायरमध्ये घालायची, आकार येण्यापुरती हवा, आणि दोन्ही मिळून रिमवर ठेवायचं. व्हॉल्व्ह आधी भोकात, मग त्याच बाजूने खालची कड, मग वरची. रिमवर बसलेल्या टायरमध्ये हात घालून ट्यूब कोंबायची कटकट वाचते. रुंद आणि कडक अंगाच्या टायरला मात्र रिमझिम म्हणतात तसंच करा.

पंक्चर झालंच तर ट्यूबवरची भोकाची जागा सगळं सांगते. जवळजवळ दोन समांतर चिरा म्हणजे लिव्हरचा चिमटा. रिमकडच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे निपल किंवा फाटलेली पट्टी. जमिनीकडच्या बाजूला भोक म्हणजे टायरमध्ये काहीतरी घुसलंय. व्हॉल्व्हच्या बुडाला अर्धचंद्र फाटलंय म्हणजे टायर सरकतोय.

हवापाणी
हवा भरण्याबद्दल, कारण बरेच जण इथेच घाई करतात.

पिन न लावता आधी हवा मारा, मग सगळी सोडा, मग पिन लावून परत भरा. पहिल्या वेळी ट्यूब फुगताना जिथे घडी असेल तिथे ती आतल्या आत दबून राहते. एकदा रिकामी केली की सुटते.

दुसऱ्यांदा भरताना टायरच्या अंगावर रिमच्या ओठाला लागून जी बारीक उठावाची रेघ असते तिच्यावर नजर ठेवा. ती दोन्ही बाजूंना, पूर्ण गोलात, ओठापासून सारख्या अंतरावर हवी. एखाद्या जागी ती रिमच्या आत गडप असेल तर तिथे कड बसलेली नाही. हवा काढा, तेवढ्या जागी साबणपाणी लावा, चाक जमिनीवर आपटून फिरवा, परत भरा. कड बसते तेव्हा फट्ट असा आवाज येतो, ट्यूबच्या टायरला कधी कधी अगदी हळू. दाब वाढवत नेऊन कड बसवायची नाही. कित्येक टायर कंपन्या यासाठी ४० पीएसआयची मर्यादा देतात. तुमच्या टायरसाठी दिलेला आकडा वेगळा असेल तर तो, पण त्याच्यावर जायचं नाही. भरताना चाकावर वाकून डोळे लावू नका, हात रिमच्या फटीत नको.

बसली की गाडीच्या पुस्तकात किंवा चेन कव्हरच्या स्टिकरवर दिलाय तेवढा दाब ठेवा. टायरवर छापलेला आकडा हा कमाल भाराचा दाब असतो, तो रोजचा नाही.

डिस्कवाला
इथेच विचारतो. माझं चाक अलॉयचं, ट्यूबलेस, मागे डिस्क आणि एबीएस. वरचं सगळं लागू होतं का? आणि पायपंपाने ट्यूबलेस फुगेल का?

गोटीपाना
पन्हळीचं गणित तेच. फरक सांगतो.

चाक बाहेर असताना मागचा ब्रेक पेडल दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. चाक आडवं ठेवताना डिस्क वर, कधीच खाली नाही. एबीएसचा सेन्सर आधी बोल्ट काढून बाजूला बांधा, वायर ताणू नका. दातेरी रिंगला लिव्हर लागू देऊ नका.

अलॉयच्या ओठावर प्लास्टिकचे रिम गार्ड लावा. नुसतं दिसायचं म्हणून नाही, ट्यूबलेसमध्ये हवा त्या रिमच्याच आधाराने थांबते, खोल ओरखडा कड बसते तिथे गेला तर तिथून झिरपते. टायरबरोबर रबरी व्हॉल्व्हही बदला. कडेच्या बाजूला, रिमच्या खांद्याला लागून आत एक उंचवटा असतो. हवा गेली तरी कड पन्हळीत घसरू नये म्हणून तो ठेवलेला असतो, आणि त्याच्यामुळेच ट्यूबलेसची कड सोडवताना जास्त जोर लागतो. तुमचा तर नवीन टायर चढवताना दोन फट्ट स्पष्ट ऐकू येतील, एकेका बाजूचा एकेक.

पायपंपाने अवघड आहे. कड आणि रिम यांच्यातल्या फटीतून जितकी हवा जाते त्याहून जास्त वेगाने ती आत यावी लागते. व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसरची नळी लावली तर होतं. तेही होत नसेल तर टायरच्या घेराभोवती, मधोमध, रॅचेटचा पट्टा आवळा. मधला भाग दबला की कडा बाहेर फाकतात आणि रिमला टेकतात. कडांनी हवा धरली की लगेच पट्टा सैल करा. पेट्रोल किंवा स्प्रे पेटवून कड बसवायचे प्रकार करू नका, स्फोट किती मोठा होणार हे तुमच्या हातात नसतं.

दहाबारा
चाक परत चढवणं. उतरवण्याच्या उलट क्रमाने, पण चार ठिकाणी लक्ष द्या.

अ‍ॅक्सल पॉलिश पेपरने साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या. बोटाला लागेल एवढाच. थापलं तर ते ड्रमच्या दिशेने सरकतं आणि लायनर (ड्रमला घासणारा ब्रेकचा पट्टा) तेलकट झाला की ब्रेक गेला. कुश रबरांत चाक नीट शिरलंय ना बघा. अर्धवट शिरलं तर स्पेसर बसत नाही आणि माणूस स्पेसरला शिव्या देतो.

टॉर्क रॉड. याचा नट हाताने लावा, अ‍ॅक्सलचा नट पण हाताने. आता ब्रेक रॉड लिव्हरला जोडून मागचा ब्रेक पेडल जोराने दाबून धरा आणि तसाच धरलेला असताना अ‍ॅक्सलचा नट आवळा. त्याने लायनर ड्रममध्ये मधोमध बसतात, ब्रेक एकाच बाजूने घासत नाही. मग टॉर्क रॉडचा नट आवळून त्याची स्प्लिट पिन घाला, नवीन. हा रॉड विसरला किंवा सैल राहिला तर पहिल्या जोरदार ब्रेकला ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड-लिव्हर गुंडाळले जातात आणि चाक जॅम होतं. या सगळ्या कामात जिवावर बेतणारी जागा म्हणाल तर ही.

अ‍ॅक्सल नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) पुस्तकातला घ्या. लहान गाड्यांचा बहुतेक ५० ते ७० न्यूटन-मीटरमध्ये असतो, मोठ्यांचा १०० च्या आसपास.

ब्रेक रॉडचा नट अर्धा-अर्धा फेरा फिरवत पेडलचा मोकळा खेळ २० ते ३० मिलीमीटर ठेवा. नटाच्या खोबणीत ती गोल पिन बसली पाहिजे, नाहीतर दोन ब्रेकनंतर खेळ आपोआप बदलतो. चाक हाताने फिरवून घासत नाही ना ऐका. ब्रेक लाइट कधी लागतो तेही बघा.

गोटीपाना
ज्यांना चेन ढिली करावी लागली त्यांच्यासाठी: स्विंगआर्मवरच्या खुणांवर आंधळा विश्वास नको. पुष्कळ गाड्यांवर त्या एक-दोन मिलीमीटरने चुकलेल्या असतात.

दहाबारा
सहमत, पण अर्धाच. खुणा चुकलेल्या असल्या तरी फेरे मोजून सैल केले असतील तर परत तेवढेच फेरे आवळून चाक जुन्या जागी येतं. प्रश्न जुनी जागाच वाकडी असेल तेव्हाचा. तेव्हा स्विंगआर्मच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना दोरीने किंवा टेपने मोजायचं. मागे बसून स्प्रॉकेटवरून चेनच्या वरच्या पट्ट्याकडे बघितलं तर वाकडेपणा डोळ्यालाही दिसतो. चेनची ढील खालच्या पट्ट्याच्या मध्यावर मोजा, बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलीमीटर. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि चेन सगळ्यात ताणलेली असते तिथला आकडा धरा.

साइडस्टँड
टायर बसला, रेघ दोन्हीकडून सारखी आहे, दाब रात्रभर टिकला. शेवटचं एक: व्हॉल्व्हच्या देठावरचा छोटा नट रिमला घट्ट आवळायचा का?

तेलकट
नाही. तो रिमपासून सोडवून वर नेऊन टोपीच्या खाली टोपीवरच आवळा, किंवा काढूनच ठेवा. नट रिमला आवळलेला असला की टायर सरकला तरी देठ सरळच दिसतो आणि ताण सगळा ट्यूबच्या बुडावर येतो. मोकळा असेल तर देठ एका बाजूला कलतो आणि तुम्हाला आधी कळतं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नवीन रबर गुळगुळीत असतं, वळणावर झुकणं आणि जोरात ब्रेक बेताने. तेवढं चालवून झालं की देठ बघा. कलला असेल तर हवा पूर्ण काढून, कडा सोडवून टायर फिरवून देठ सरळ करा, आणि कडेवर तेलकट काही राहिलंय का ते पुसून घ्या. अ‍ॅक्सल नट आणि टॉर्क रॉडवर पण त्याच वेळी एकदा पाना लावून बघा.